आधी अँटेना, मग वॉट : माझ्या एफपीव्ही विमानाची रेडिओ जुळणी

विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत विमान उडवायचं (यालाच एफपीव्ही म्हणतात), तर विमान आणि जमीन यांच्यात दोन वेगळे रेडिओ चालतात. एक जमिनीवरून हुकूम पाठवतो, दुसरा विमानातून चित्र पाठवतो. चित्र गेलं तर गॉगल काढून नजरेने विमान उतरवता येतं. हुकूम पोचेनासे झाले तर विमान हातचं जातं. म्हणून इपीपी फोमची फ्लाइंग विंग, म्हणजे शेपटी नसलेलं नुसत्या पंखाचं विमान, तयार झाल्यावर मी आधी नियंत्रणाचा रेडिओ ठरवला आणि कॅमेऱ्याचं सामान नंतर घेतलं. बरेच जण गॉगलपासून सुरुवात करतात आणि मग उरलेल्या फ्रिक्वेन्सीत नियंत्रण कोंबतात. तो क्रम मला पटत नाही.

त्याहीआधी एक गोष्ट नक्की केली, ती म्हणजे विमान किती लांब न्यायचं. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यात उडवायचं असतं. मीटरभर पंखांचं विमान सात-आठशे मीटरवर ठिपक्याएवढं दिसतं, त्यापुढे ते कोणत्या बाजूला कललंय हे कळत नाही. माण तालुक्यातल्या आमच्या माळावर मी उडवते, ती जागा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवी आहे. तिथे १२० मीटरपर्यंत उंची मोकळी. मी गॉगल घातला की भाचा शेजारी उभा राहून विमानावर नजर ठेवतो. म्हणजे मला हवा होता एक किलोमीटरचा भक्कम दुवा. वीस किलोमीटरचं सामान घेऊन मी त्याचं काय करणार होते?

नियंत्रणासाठी समोर तीन पर्याय होते. परदेशी व्हिडिओ बघून सगळे ९१५ मेगाहर्ट्झच्या मॉड्यूलची शिफारस करतात. अमेरिकेत ९०२ ते ९२८ हा पट्टा मोकळा आहे, तिथे ते योग्यच. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. टॉवर तिथे हातातल्या फोनचा क्षीण सिग्नल ऐकायला कान लावून बसलेला असतो, आणि विमानासाठी आपण त्याच्या कानात ओरडायचं? आमच्या माळासमोरच्या टेकडीवर टॉवर आहे, गावचे फोन त्यावर चालतात. हा पर्याय मी तिथेच सोडला. भारतात विनापरवाना मोकळा आहे तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि एक्सप्रेसएलआरएस या नियंत्रण-रेडिओच्या प्रणालीत त्यासाठी भारताची वेगळी सेटिंगही आहे. पण पट्टा अरुंद आहे आणि पाव तरंगलांबीची अँटेना साडेआठ सेंटीमीटरच्या वर जाते. २.४ गिगाहर्ट्झवर तीच अँटेना जेमतेम ३ सेंटीमीटरची होते, फोममध्ये चीर देऊन बसते आणि १०० मिलिवॉटवर एक किलोमीटर तिला काहीच जड नाही. मी २.४ घेतलं.

नियंत्रण २.४ वर गेलं की चित्रासाठी २.४ आपोआप बाद. एकाच विमानात सतत ओकणारा ट्रान्समीटर आणि त्याच पट्ट्यातला रिसीव्हर शेजारी ठेवायचे नसतात. १.२ ते १.३ गिगाहर्ट्झ झाडाझुडपांतून चांगलं जातं हे खरं, पण आपल्याकडे तो पट्टा परवान्याशिवाय वापरता येत नाही. शिवाय १.२ ची दुप्पट २.४, म्हणजे ट्रान्समीटर हलक्या प्रतीचा असला तर त्याचा दुसरा हार्मोनिक थेट माझ्या नियंत्रणाच्या बोकांडी बसणार. राहिलं ५.८. घराबाहेर ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ वापरायला २०१८ पासून परवाना लागत नाही. तरंगलांबी ५ सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे अँटेना अंगठ्याएवढी होते. झाड, भिंत, माणसाचं अंग या सगळ्यांपुढे ही फ्रिक्वेन्सी अडते. उघड्या माळावर त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं.

इथून पुढे खरी मजा सुरू झाली. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. फळ्यावर लिहिलेलं ध्रुवीकरण, म्हणजे लहर कोणत्या दिशेने कंप पावते ते, विमानाच्या पंखावर कसं वागतं हे डोळ्यांनी बघायची ही संधी होती.

ट्रान्समीटरबरोबर काळ्या रबरी नळीची सरळ अँटेना येते. तिची लहर एकाच पातळीत कंप पावते. विमान सरळ उडतंय तोवर पाठवणारी आणि घेणारी अँटेना समांतर राहतात, पण वळणात विमान कललं की दोघींमध्ये कोन पडतो आणि काटकोनाकडे जाता जाता सिग्नल कोसळतो. दुसरा त्रास परावर्तनाचा. माळाच्या कडेला पत्र्याची शेड आहे, लोखंडी पाण्याची टाकी आहे. तिथून उलटून आलेली लहर मूळ लहरीत मिसळते आणि अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे अडीच सेंटीमीटरचा फरक पडला तरी दोघी एकमेकींना पुसायला बघतात. अॅनालॉग चित्रात भरभर फाटणाऱ्या रेघा दिसतात त्या बहुतेक याच.

वर्तुळाकार ध्रुवीकरणात दोन्ही त्रासांवर एकच उपाय आहे. लहर पुढे सरकताना स्क्रूसारखी फिरते, उजवीकडे किंवा डावीकडे. विमान कितीही कललं तरी फिरणं तेच राहतं. आणि पत्र्यावर आपटून परतलेली लहर उलट दिशेने फिरायला लागते, त्यामुळे उजव्या फिरकीची अँटेना तिला बऱ्याच अंशी घेतच नाही. यात एक पथ्य मात्र कडक. दोन्ही टोकांना एकाच फिरकीची अँटेना हवी. विमानावर आरएचसीपी (उजव्या फिरकीची) आणि गॉगलवर एलएचसीपी (डाव्या फिरकीची) लावली तर प्रत्यक्षात २० डेसिबलच्या आसपास नुकसान होतं, म्हणजे १०० मिलिवॉटमधला १ मिलिवॉट कामाला येतो. एका बाजूला वर्तुळाकार आणि दुसऱ्या बाजूला सरळ असेल तर ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती वाया. मी सगळं आरएचसीपी घेतलं आणि प्रत्येक अँटेनेच्या टोपीवर नेलपेंटचा लाल ठिपका दिला.

अँटेना मागवताना जोडणीचा प्रकार तपासावा लागतो. एसएमए आणि आरपी-एसएमए बाहेरून सारख्या दिसतात, आटे एकमेकांत बसतातही, पण मधली पिन कोणत्या बाजूला आहे हे उलटं असतं. चुकीची जोडी लावली की दोन्हीकडे भोक समोरासमोर येऊ शकतं, मग अँटेना घट्ट बसलेली दिसते आणि विजेच्या दृष्टीने जोडलेलीच नसते. अँटेनेशिवाय चालू केलेला व्हिडिओ ट्रान्समीटर स्वतःचीच शक्ती परत घेऊन तापतो आणि जळू शकतो. म्हणून पार्सल उघडल्यावर मी आधी पिन बघितली, मग मल्टिमीटरने वायरची सलगता, आणि त्यानंतरच बॅटरीला हात लावला.

विमानावर चारही बाजूंना सारखं प्रसारण करणारी अँटेना लागते. तिचा आकृतिबंध मेदूवड्यासारखा असतो: बाजूंना भरपूर, टोकाच्या रेषेत वर-खाली पोकळ. विमान माझ्याकडे कलून वळलं की अँटेनेचं टोक माझ्याकडे होतं आणि नेमकी ती पोकळी माझ्या वाट्याला येते. उलट बाजूला कललं की मध्ये बॅटरी आणि वायरिंग येतं. यावर शंभर टक्के इलाज नाही, पण जागा निवडून बरंच साधतं. मी व्हिडिओ ट्रान्समीटर डाव्या पंखाच्या बाहेरच्या भागात बसवला आणि अँटेना तिथेच उभी केली. पंखाच्या आतला आधाराचा कार्बनचा दांडा तिथवर पोचत नाही. कार्बन रेडिओला धातूसारखाच अडवतो. नियंत्रणाचा रिसीव्हर उजव्या पंखात गेला. मध्ये दोन विती अंतर मिळालं, आणि ट्रान्समीटरला उघड्या हवेचा थंडावाही. डावी बाजू जड झाली म्हणून उजव्या टोकाला थोडं शिसं चिकटवून तोल साधला.

जमिनीवर मी दोन रिसीव्हरची जोडी वापरते. एकावर विमानासारखीच सर्व बाजूंनी ऐकणारी अँटेना, दुसऱ्यावर ८ डीबीआयची चपटी पॅच (डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोर देते त्याचं माप). रिसीव्हर क्षणोक्षणी चांगला सिग्नल निवडतो. पॅच समोरच्या साठ-सत्तर अंशांतच नीट ऐकते, म्हणून तिपाई कुठे ठेवायची आणि तोंड कुठे करायचं हे वारा बघून ठरवते. उड्डाणाचा सगळा भाग पॅचच्या समोर आला पाहिजे. डोक्यावरून मागे गेलं तर दुसरी अँटेना सांभाळते.

पहिली चाचणी जमिनीवरच घेतली. ट्रान्समीटर २५ मिलिवॉटवर ठेवला, भाच्याने विमान डोक्यावर धरलं आणि माळावरून चालत गेला. दर थोड्या अंतरावर थांबून त्याने ते सावकाश कलवायचं, फिरवायचं आणि मी चित्रातला बर्फ, म्हणजे पांढरे ठिपके, बघायचा. शेडच्या बाजूला चित्र जरा फाटायला लागलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "मावशी, दोनशेवर टाक ना सरळ." मी त्याला तिपाई शेडपासून लांब घ्यायला आणि मीटरभर उंच करायला बोलावलं. मग तो पुन्हा त्याच जागी गेला आणि त्याच २५ मिलिवॉटवर चित्र स्वच्छ आलं. उंचीचं कारण सोपं आहे. १ किलोमीटरच्या दुव्यात ५.८ च्या लहरीला वाटेच्या मध्यावर चोहोबाजूंनी साडेतीन मीटरची मोकळी जागा लागते, आणि डोक्याएवढ्या उंचीवरून ती जमिनीत घुसते. गणितही याच बाजूचं आहे. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती चौपट लागते. साध्या अँटेनेऐवजी पॅच लावली की तेवढाच फायदा समोरच्या बाजूला मिळतो, आणि एक अंशही उष्णता न वाढवता. हवेत मी २०० मिलिवॉट वापरते. ते वळणातल्या पोकळीसाठी राखीव आहेत.

चॅनल निवडायचा प्रश्न खरा उभा राहिला तो दुसरी माणसं आल्यावर. माळावर आता आम्ही तिघं जण उडवतो. बहुतेक ट्रान्समीटरांवर रेसबँड नावाचा आठ चॅनलचा संच असतो. त्यातले सातवा आणि आठवा हे चॅनल ५८८० आणि ५९१७ वर आहेत, आपल्या मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर, त्यामुळे ते आम्ही वर्ज्य केले. तिघांनी तिसरा, चौथा, पाचवा घ्यावा असं एकाने सुचवलं, म्हणजे ५७३२, ५७६९ आणि ५८०६. मी वही काढली. दोन ट्रान्समीटर जवळ असले की त्यांच्या मिश्रणातून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात: एकीची दुप्पट वजा दुसरी. ५७६९ ची दुप्पट वजा ५७३२ केले की ५८०६ येतात, म्हणजे नेमका तिसऱ्याचा चॅनल. सारख्या अंतरावरचे तीन चॅनल घेतले की हे होणारच. एफ बँडमधला पहिला, तिसरा आणि सातवा घेतला, ५७४०, ५७८० आणि ५८६०, तर सगळी मिश्रणं या तिघांपासून किमान ४० मेगाहर्ट्झ दूर पडतात. आता तेच आमचे कायमचे चॅनल आहेत, पंखावर पट्टी चिकटवून लिहिलेले. बॅटरी जोडायच्या आधी चॅनल मोठ्याने सांगायचा आणि उडवणाऱ्याने "हो" म्हटल्यावरच जोडायची. शेजारी दोन मीटरवर चुकीच्या चॅनलवर चालू झालेला ट्रान्समीटर अर्ध्या किलोमीटरवरच्या विमानाचं चित्र क्षणात गिळतो, आणि तेव्हा कोणाच्याही अँटेनेचा काही उपयोग नसतो.