नकाशातला अर्ध्या तासाचा नाणेघाट

आमचा खेळ कागद-फाशांचा: जग मी रचतो आणि गोष्ट चालवतो, बाकीचे त्यात चोर, योद्धा, वैद्यीण अशी पात्रं होतात. त्या खेळात हा घाट चढायला अर्धा तास लागायचा. षटकोनी खान्यांच्या कागदावर मी समुद्र काढला, बंदर काढलं, मधे डोंगराची जाड रेघ ओढली आणि तिला एक खाच पाडून वर 'खिंड' असं लिहिलं. सहा महिने आमची टोळी मालाने लादलेले बैल घेऊन तिथून ये-जा करत होती. कुणाला दमसुद्धा लागला नव्हता. बंदर म्हणजे कल्याण, वरची राजधानी पैठण, खिंड नाणेघाट. नावं बदललेली, देव आणि राक्षस माझ्या पदरचे.

शेवटी आमच्यातला चोर (खेळातला, एरवी सज्जन माणूस) म्हणाला, "एकदा जाऊन तरी बघू."

कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याच्या बाजूला पोचलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एप्रिलमध्ये गेलो हा गाढवपणा मात्र माझा. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला जी जत्रा लोटते तिचा मला तिटकारा आहे, म्हणून उन्हाळा निवडला. जंगल संपून दगडी पायऱ्या लागल्या तेव्हा पाणी निम्मं संपलं होतं आणि आमच्या योद्ध्याने पाठीवरची पिशवी तिसऱ्यांदा खाली टेकवली. पिशवीत होतं काय, तर डबा आणि एक चादर. खेळात हा गडी चिलखत घालून पळतो.

माथ्याच्या थोडं अलीकडे लेणं आहे. आत गारवा होता, आम्ही सगळे ओट्यावर आडवेच झालो. भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे: कोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिले, सगळं आकड्यांनिशी. इतके जुने आकडे फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, एक महारठी (म्हणजे मोठा सरदार). वर नावं कोरलेली, खाली पावलांच्या खुणा. मधलं माणूस गायब.

"मूर्ती गेल्या कुठे?" वैद्यीणबाईंनी विचारलं.

"निघून गेल्या," मी खेळ चालवायच्या सवयीने बोलून गेलो. मग कुणीच बराच वेळ काही बोललं नाही. नकाशावर बसून मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

अरुंद खिंडीतून वर आलो आणि समोर तो दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. चोराने आत हात घातला, निघालं वेफर्सचं पाकीट. दोन हजार वर्षांच्या रांजणाची कचरापेटी करणाऱ्यांना काय बोलावं? मी बोललो, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या डोक्यात मात्र भलतंच सुरू झालं होतं. जकात वर का? माझ्या नकाशात नाका पायथ्याशी होता आणि टोळी दर वेळी काहीतरी शक्कल लढवून त्याला वळसा घालायची. इथे घामाने निथळत उभं राहिल्यावर वाटलं, जो बैलांसकट एवढं चढून आला तो चार नाण्यांसाठी परत उतरेल होय? पायथ्याशी माणूस घासाघीस करतो, माथ्यावर पैसे काढतो. खरं कारण हेच असेल असा माझा दावा नाही. पण खेळापुरतं मला पटलं, आणि एवढ्यासाठी गुडघे दुखले तरी चालेल असं वाटलं. उतरताना दुखलेच.

घरी आल्यावर नकाशा फाडला. आता घाटाला अख्खा दिवस लागतो, ओझं मोजावं लागतं, बैल अडून बसतात. बंदराबद्दल पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकातली गोष्ट घेतली: कल्याणला चुकून आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात. टोळीने ओरडा केला, "हा अन्याय आहे, तू मनाचं घुसडतोस!" नेमकं तेवढंच मनाचं नव्हतं.

परवाच्या डावात ते पहिल्यांदा नव्या घाटाच्या माथ्यावर पोचले. निम्मे बैल शिल्लक, पाणी संपलेलं, रांजणाशेजारी जकातवाला. पाऊण तास भांडले. मग वैद्यीणबाईंनी पानावरचे कार्षापण खोडले आणि चोराने वीस बाजूंचा फासा उचलला.

"मी रांजणात हात घालतो."

"परत?" सगळे एकदम ओरडले.