प्रॉप्सच्या लेयरवरचा माणूस

मी कॉमिक्सचं कलरिंग करते, पुण्यात घरूनच. सध्या हातात एक ग्राफिक नॉव्हेल आहे, वेस्टर्नमधले दरोडेखोर, कार्निव्हलवाले, प्रेतं, सगळं एकात, आणि अंगावर काटा येतो तो यामुळे की मूळ गोष्ट खरी आहे.

एल्मर मॅकर्डी नावाचा दरोडेखोर. ऑक्टोबर १९११, अमेरिकेतलं ओक्लाहोमा. चार लाख डॉलर मिळतील म्हणून हा आणि याचे साथीदार ट्रेन लुटायला गेले आणि भलतीच गाडी अडवली, हाती आले ४६ डॉलर आणि दारूचे दोन जग. तीन दिवसांनी हा चकमकीत मेला. प्रेत न्यायला कोणी आलंच नाही, मग अंत्यविधीवाल्याने आर्सेनिक भरून ते टिकवलं, हातात बंदूक देऊन कोपऱ्यात उभं केलं आणि बघायचे पाच सेंट लावले. १९१६ ला दोघं आले, आम्ही याचे भाऊ म्हणून घेऊन गेले, ते निघाले कार्निव्हलचे. पुढे साठ वर्षं हा या शोमधून त्या शोमध्ये विकला गेला, शेवटी तर हा माणूस आहे हेच लोक विसरले.

परवाचं पान डिसेंबर १९७६ चं. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या फनहाऊसमध्ये, म्हणजे जत्रेतल्या भुताटकीच्या घरात, टीव्हीचं शूटिंग, टांगलेला पुतळा हलवताना हात तुटतो आणि आत हाड दिसतं. फाईल उघडली तर एल्मर प्रॉप्सच्या, म्हणजे निर्जीव सामानाच्या लेयरवर (फाईलमध्ये माणसं आणि सामान वेगवेगळ्या थरांवर असतात), बाजूच्या कवट्यांना होता तोच रंग यालाही. फ्लॅट्स, म्हणजे माझ्याआधी सपाट रंग भरून भाग वेगळे करणाऱ्या मुलाला फोन केला तर म्हणतो, "ताई, स्क्रिप्टमध्ये डमीच लिहिलंय की." बरोबरच होतं त्याचं. मला मात्र पुढे बोलवेना, याच्या बाबतीत साठ वर्षं हेच होत आलं होतं आणि आता आमच्या फाईलमध्येही तेच.

एल्मरला उचलून कॅरेक्टर्सच्या लेयरवर टाकलं. फनहाऊसवाल्यांनी त्याला अंधारात चमकणारा रंग फासला होता, तो वरून ठेवला, पण जिथे पोपडे निघालेत तिथे तो जिवंत असतानाच्या पानावरून गालाचा रंग उचलून आणला आणि त्यात राखाडी मिसळला. हाड पांढरं नाही केलं, कपात राहिलेल्या चहाच्या डागासारखं केलं. एका पॅनेलला, म्हणजे पानावरच्या एका चौकटीला, तीन तास गेले, जेवण राहिलं.

आता शेवटचं पान, एप्रिल १९७७, ओक्लाहोमातल्या गथ्रीच्या कब्रस्तानातलं दफन. परत कोणी उचलून नेऊ नये म्हणून शवपेटीवर काँक्रीट ओतलं होतं. त्या ओल्या काँक्रीटचा रंग कालपासून करतेय, अजून जमत नाहीये.