सुदामा आधी घरी पोचला

‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा एमपीथ्री प्लेअरच्या कंपनीचा मेसेज आला, त्याच दिवशी पहाटे आईनं देवघरातून हाक मारून सांगितलं होतं, “अरे, तुझा सुदामा आजही आधी घरीच पोचला.” तो मेसेज मी अजून फोनमध्ये ठेवलाय. पुसवत नाही.

आईचे वडील, आमचे अण्णा, नारदीय कीर्तन करायचे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी रामनवमीच्या उत्सवात १९८६ ते १९८९ या चार वर्षांत मामानं टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून त्यांची अकरा कीर्तनं टेप केली. नव्वद मिनिटांच्या अकरा कॅसेटी. पहिल्या बाजूला नमन आणि पूर्वरंग, दुसऱ्या बाजूला आख्यान आणि आरती. मध्यंतरात बुवांना हार घालून बुक्का लावतात ना, तेवढ्या वेळात मामा कॅसेट उलटायचा. त्याचा ‘खट्’ असा आवाज अकराही कॅसेटींवर आहे. एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटची पंधरा मिनिटं आख्यान गायब आहे आणि मी पाढे म्हणतोय. वय वर्षं आठ. त्याबद्दल त्या काळी जे व्हायचं ते झालेलं आहे.

कॅसेटी संगणकात उतरवण्याचं काम कंटाळवाणं, पण सरळ होतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वदच मिनिटं लागतात, तिथं शॉर्टकट नाही. साडेसोळा तास गेले. ऑडॅसिटी नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात झालं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात टेपची पिन सरळ खुपसू नका, आवाज फाटतो. लाइन-इनचं भोक असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

ही कीर्तनं आईला फोनवर का टाकून दिली नाहीत, असं मला निदान दहाजणांनी विचारलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. कोरड्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, आणि पूजेच्या वेळी बोटं कोरडी नसतात तेव्हा ओली असतात. शिवाय ऐन आख्यानात कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून फोन करतं. तिला बटणं हवी होती. दाबलं की दाबल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणून दिवाळीत एक छोटा एमपीथ्री प्लेअर घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पाच बटणं, दोन ओळींचा पडदा, वर स्पीकर. दुकानदार हसला. म्हणाला, “अहो, २०२२ मध्ये अ‍ॅपलनं आयपॉड बंद केला. तुम्ही आत्ता कुठं हे घेताय?” मी म्हटलं, द्या.

पहिला तासभर वायरनं खाल्ला. घरात पडलेली वायर लावली, प्लेअर चार्ज व्हायला लागला, पण लॅपटॉपला दिसेना. काही स्वस्त वायरींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. खोक्यातली वायर वापरा, आणि तिला दोरा बांधून ठेवा म्हणजे ती ओळखू येते.

मेमरी कार्डाचंही तसंच. मी उत्साहानं ६४ जीबीचं कार्ड आणलं. प्लेअर म्हणाला, कार्ड नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डं दुकानातून येतानाच एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेली, म्हणजे फायली ठेवण्यासाठी आखलेली, असतात, आणि या साध्या प्लेअरना जुनं फॅट३२ च कळतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही. नुसत्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणाला एवढं मोठं कार्ड लागतच नाही, ही अक्कल मला नंतर आली. मोनो (एकपदरी आवाज) आणि ६४ केबीपीएसवर (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा) ठेवलं तर तासाला साधारण २९ एमबी होतात. माझी अकरा कीर्तनं अर्ध्या जीबीतही मावली. ३२ चं कार्ड घ्या आणि गप बसा.

मग देवनागरी. मी फायलींना हौसेनं ‘सुदामा चरित्र’ वगैरे नावं दिली होती. पडद्यावर आले नुसते चौकोन. माझ्या मित्राच्या प्लेअरमध्ये अक्षरं दिसतात, पण जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापुढं जाऊन उभी राहते. ते पाहिल्यावर मला चौकोन बरे वाटले. रोमनमध्ये नावं दिली असती, पण आईला इंग्रजी वाचता येत नाही. आकडे मात्र तिला फोनच्या बटणांमुळं पाठ आहेत. म्हणून प्रत्येक कीर्तनाला एक फोल्डर, ०१ ते ११, आणि आत प्रत्येकी पंधरा मिनिटांचे सहा तुकडे, तेही ०१ ते ०६. तुकडे करण्याचं कारण असं, की हा प्लेअर बंद केला की कुठवर ऐकलं होतं ते विसरतो. ऐकता ऐकता डोळा लागला, तर दीड तासाचं कीर्तन पुन्हा नमनापासून ऐकण्यापेक्षा पंधरा मिनिटं मागं जाणं परवडतं. आणि हो, ०१ असंच लिहा, नुसतं १ नको. नाहीतर काही यंत्रं १ नंतर १० घेतात.

इथवर सगळं दीड दिवसात झालं. पुढचे एकवीस दिवस एकाच गोष्टीत गेले.

पहिल्या पहाटे आईनं पाचवं कीर्तन लावलं. अण्णांचा आवाज आला, पण नमन नाही. सुदामा द्वारकेहून गावी परतलेला, झोपडीच्या जागी सोन्याचं घर, बायको दागिन्यांनी मढलेली, तो म्हणतोय मी चुकीच्या दारात आलो. मग आरती. मग सगळे ‘बोला पुंडलीक वरदे’ म्हणून उठले, आणि त्यानंतर नमन सुरू झालं. पूर्वरंग झाला, हार घातला, मामानं ‘खट्’ केलं, आणि बायकोनं शेजारणीकडून पोहे उसने आणून फडक्यात बांधून दिले. सुदामा द्वारकेला निघाला, कृष्णाला भेटला, परत फिरला, आणि ऐन वाटेत सगळं संपून प्लेअर सहाव्या कीर्तनावर गेला. सहाव्यातही आधी आरती.

मी लॅपटॉपला लावून पाहिलं. ०१, ०२, ०३, ०४, ०५, ०६. रांगेत, शहाण्या मुलांसारखी.

कस्टमर केअरला फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, सर, शफल चालू असेल. म्हणजे फायली पत्त्यांसारख्या पिसून वाजवणं. नव्हतं. रोज तीच उलटापालट होत होती. शफल असतं तर एखादे दिवशी चुकून तरी सुदामा वेळेत निघाला असता, हे मी समजावायला गेलो तर त्यांनी मला पुन्हा शफलचं बटण कुठं आहे ते सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाले, रीसेट करा. केलं. तारीख तेवढी बदलून १ जानेवारी झाली. तिसऱ्यांदा म्हणाले, कार्ड फॉरमॅट करून फायली परत टाका. तेही केलं, आणि सुदामा आधी घरी. (गंमत म्हणजे हे तिसरं औषध अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं त्यांच्या कागदावर नसावं.)

दरम्यान मी माझ्या परीनं एक मूर्खपणा केला. एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रॅमनं सहासष्टच्या सहासष्ट फायलींच्या पोटात ट्रॅक नंबर भरले. एक अख्खी संध्याकाळ. फोल्डर उघडून वाजवणारे हे साधे प्लेअर त्या नंबराकडं ढुंकूनही बघत नाहीत.

शिवाय एका कीर्तनात वेगळाच घोळ. सातव्यामधला दुसरा आणि पाचवा तुकडा मी पुसून, आवाज वाढवून पुन्हा टाकले होते. तिथं पहिल्यानंतर एकदम पाचवा लागायचा. म्हणजे ‘शेवटचं आधी’ एवढाच नियम आहे म्हणावं, तर तोही नाही.

चौथ्या फोनवर त्यांनी पुरावा मागितला. फोल्डरचा स्क्रीनशॉट पाठवा, सर. मी पाठवला. लॅपटॉपवरचा स्क्रीनशॉट! त्यात अर्थातच सगळं रांगेत. दोन दिवसांनी उत्तर आलं, की आपण पाठवलेल्या चित्रानुसार फायलींचा क्रम योग्य आहे. आणि पाठोपाठ तो निवारणाचा मेसेज. त्या दिवशी मी जेवताना कुणाशी बोललो नाही. आई म्हणाली, “राहू दे रे. गोष्ट मला माहितेय.” त्यानं आणखीच लागलं.

शेवटी भाच्याला व्हिडिओ कॉल केला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दुपारी बारापर्यंत झोपतो. त्यानं अंथरुणातूनच विचारलं, “मामा, फायली कशा टाकल्यास?” म्हटलं, कशा म्हणजे? सगळ्या निवडल्या आणि ओढल्या. “कुठल्या फायलीवर धरून ओढल्यास?” मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडायला लावली, कमांड प्रॉम्प्टची. कार्डाच्या पाचव्या फोल्डरमध्ये नेलं आणि डी-आय-आर, म्हणजे आत काय आहे ते दाखव, असं टाइप करायला सांगितलं. पडद्यावर खाली खाली ओळी आल्या. ०६, ०१, ०२, ०३, ०४, ०५.

एकवीस दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणालातरी माझा उलटा सुदामा दिसला.

कारण असं आहे. फॅट३२ मध्ये फोल्डर म्हणजे शाळेचा हजेरीपट. ज्या क्रमानं पोरं दाखल झाली त्या क्रमानं नावं लिहिलेली. लॅपटॉप तो हजेरीपट वाचतो, मनातल्या मनात नावं जुळवतो आणि तुम्हाला क्रमानं दाखवतो. काळी खिडकी तेवढी पट जसाच्या तसा दाखवते. हा स्वस्त प्लेअर काही जुळवत बसत नाही, वरून खाली वाचत सुटतो. मी पहिली फाइल निवडून, शिफ्ट दाबून, शेवटची निवडायचो, आणि त्या शेवटचीवरच माउस धरून सगळा गठ्ठा ओढायचो. ज्या फायलीला धरून ओढाल ती आधी दाखल होते. म्हणून दर कीर्तनात आरती पहिली. आणि सातव्यात मी पाचवा तुकडा दुसऱ्याच्या आधी टाकला होता, तो दुसऱ्याच्या पुसलेल्या ओळीवर जाऊन बसला. पट पुन्हा लिहिला जात नाही, रिकामी ओळ दिसली की तिथंच नाव घालतात.

भाचा म्हणाला, फॅट३२ १९९६ चं आहे. म्हणजे अण्णांच्या कॅसेटींपेक्षा जेमतेम सात-दहा वर्षांनी धाकटं.

तर उपाय. कार्ड फॉरमॅट करा, म्हणजे हजेरीपट कोरा होतो. मग फोल्डर क्रमानं बनवा, कारण फोल्डरांनाही हाच नियम आहे. मग फायली एकेक करून, आधीची पूर्ण उतरल्यावरच पुढची. मी त्या संध्याकाळी तसंच केलं. आई शेजारी यादी घेऊन बसली होती. “पाचव्यातली तिसरी टाकलीस?” टाकली. “मग चौथी टाक.” याच बैठकीत आणखी एक सुधारणा झाली. प्रत्येक फोल्डरमध्ये आधी ०० नावाची एक छोटी फाइल घातली, त्यात माझ्या आवाजात फक्त ‘पाचवं, सुदामा’ एवढंच. म्हणजे पडद्याकडं बघायलाच नको. त्या सगळ्याला पावणेदोन तास लागले. मधली एखादी फाइल नंतर बदलायची असेल तर ते अख्खं फोल्डर पुसून पुन्हा भरा.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन. म्हणे लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवरून त्याच काळ्या खिडकीतून कॉपी केलं असतं, तर सगळं आपोआप नावाच्या क्रमानं गेलं असतं, आणि झालेलं कार्ड जागच्या जागी जुळवायला फॅटसॉर्ट नावाचा मोफत प्रोग्रॅमही आहे. मी विचारलं, हे काल का नाही सांगितलंस? “तू विचारलंस कुठं, मामा?”

प्लेअर घ्यायला जाणाऱ्यांनी एक करावं. घरून कार्डावर तीन फायली मुद्दाम उलट टाकून न्याव्यात, ०३ आधी, मग ०२, मग ०१. दुकानातच लावून बघावं. ०१ आधी वाजली तर तो प्लेअर शहाणा आहे, घ्या. आणि कुणी मॅकवरून कॉपी करून देत असेल, तर कार्डावर टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणाऱ्या जास्तीच्या फायली येतात, त्या पुसा. नाहीतर प्लेअर प्रत्येक तुकड्यापाशी अडखळतो. कार्ड काढताना ‘इजेक्ट’ म्हणायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, ती वेगळी कथा.

आता पहाटे सुदामा वेळेवर निघतो. पाढे मी पुसणार होतो, पण आईनं हात धरला. मध्यंतरानंतर अर्धा तास आख्यान, मग बे एके बे, आणि ती माळ ओढत ऐकते.

ठाण्याच्या ताईनंही तसाच प्लेअर घेतला. मी तिला सगळ्या फायली पाठवल्या, आणि वर लिहिलं की एकेक करून टाक, फार महत्त्वाचं आहे. परवा रात्री तिचा फोन आला.

“अरे, माझ्याकडे आधी आरतीच लागतेय.”

“एकदम ओढलंस ना सगळं?”

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.