प्रमोशनला का बसत नाही?

लग्नात, लिफ्टमध्ये, परवा तर भाजीवाल्यासमोर. ‘मॅडम, आता बऱ्या आहात ना? मग बँकेत स्केल थ्रीच्या, वरच्या पदाच्या, प्रमोशनला का बसत नाही?’ इतके दिवस ‘मुलाची बारावी’ सांगून वेळ मारून नेली. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेला, कारण संपलं. म्हणून एकदाच सांगते.

बँकेतला मार्च एंड काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या ३१ मार्चला रात्री साडेनऊला मी आणि हेड कॅशिअर स्ट्राँगरूममध्ये होतो. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. कॅश टॅली झालेली. पाचशेच्या बारा गड्ड्या, एकेक पन्नास हजारांची. मी मोजल्या, बारा. पुन्हा मोजल्या, बारा. तिसऱ्यांदा सातपाशी अडकले. पुढचा आकडा डोळ्यांसमोर दिसत होता, तोंडात येईना. हेड कॅशिअर काही बोलले नाहीत. मी खाली बसले. फरशी गार होती, ट्यूबलाइट गुणगुणत होती. आणि मनात आलं ते हे: इथे रेंज नाही, इथे कुणाचा फोन येणार नाही, किती बरं! कितीतरी वेळ उठलेच नाही. शेवटी ते हळूच म्हणाले, “मॅडम, माझी शेवटची बस अकराची आहे.” तेव्हा उठले, किल्ली फिरवली. त्यांना बस मिळाली की नाही, विचारायचं राहिलं. आता ते रिटायर झालेत.

मग थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन. सगळं नॉर्मल आलं आणि मी रडले. काहीतरी निघायला हवं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, बर्नआउट आहे, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आलेला थकवा, पण रजेसाठी तेवढं पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्येसुद्धा तो आजार नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलाय. सर्टिफिकेटवर ‘अँग्झायटी’ आलं. तीही होतीच. गोळ्या दीड वर्ष घेतल्या, चष्म्याच्या डबीत लपवून.

सल्ले तर विचारू नका. अश्वगंधा घ्या. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करून या. अहो, सलग दहा दिवस रजा मिळत असती तर!

पण खरं सांगायचं तर रजा मी मागितलीच कुठे होती? २०१६ च्या नोटाबंदीत रात्री बारापर्यंत काउंटरवर बसले, त्याचा तोरा कितीतरी वर्षं मिरवला. एका ज्युनिअर मुलीने झोप येत नाही म्हणून चार दिवस मागितले, तर मी म्हणाले, “आम्ही कसे केले गं ते पन्नास दिवस?” तिने बदली करून घेतली. तेव्हाची ती मॅडम, म्हणजे मीच, आज माझ्याच टेबलासमोर उभी राहिली, तर तिला काय सांगू? ती ऐकणार नाही. तिच्या हाताखाली कामं मात्र वेळेवर व्हायची, हेही खरं.

आता डबा कॉम्प्युटरसमोर खात नाही. आठनंतर फोन हॉलमध्ये, चार्जरला. सकाळी अर्धा तास चालते, पावलं मोजत नाही. याला बरं होणं म्हणतात की नुसतं जपून राहणं, मला कळत नाही. काल रात्री गॅसचा नॉब बघायला दोनदा उठले.

प्रमोशनचं सर्क्युलर मागच्या आठवड्यात आलं. फॉर्म उघडला. नाव, स्केल, रुजू झाल्याची तारीख भरली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.