नाव बीडला, मुलगी कोल्हापूरला

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गटसाधन केंद्रात मी साधनव्यक्ती आहे. शाळाभेटी आणि प्रशिक्षणं असतातच, पण वर्षातला बराच वेळ यू-डायस प्लस या देशभरातल्या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलमध्ये जातो. शाळांनी भरलेली माहिती तपासायची, आधारशी न जुळणारी नावं दुरुस्त करून घ्यायची, एका शाळेने सोडलेली आणि दुसऱ्या शाळेने अजून न घेतलेली मुलं पोर्टलच्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून असतात त्यांचा माग काढायचा. कुठल्या राज्यात किती मुलं सरकारी शाळेत, कुठे पट वाढला, कुठे घसरला, हे आकडे दरवर्षी पेपरात येतात ते अशाच तालुक्यातालुक्यांतून वर गेलेले असतात. २०२४-२५ साली देशाच्या पटावर २४ कोटी ६९ लाख मुलं होती. त्यातल्या एका मुलीची ही हकिकत.

मागच्या गळीत हंगामात, डिसेंबरात, शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी मी एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकांबरोबर ऊसतोड टोळ्यांकडे गेलो होतो. कारखान्याच्या रस्त्याकडेला वीस-पंचवीस कोप्या, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्या, पडल्या होत्या. माणसं पहाटेच फडात गेलेली. मागे राहिलेली बहुतेक लेकरंच. एका कोपीपुढे एक बाई गाडी भरून देऊन भाकरी टाकायला परतली होती आणि तिची अकरा-बारा वर्षांची मुलगी दारात बसली होती, मांडीवर वर्षाच्या आतला भाऊ.

आईने कमरेच्या पिशवीतून वजनाच्या दोन पावत्या काढल्या आणि लेकीपुढे धरल्या. आमच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. मुलीने पावत्या उजेडाकडे धरल्या. “ही दोन टन सातशे चाळीस. ही दोन टन आठशे पंच्याण्णव.” भावाच्या पाठीवर थोपटत तिने क्षणभर डोळे मिटले. “पाच टन सहाशे पस्तीस. मुकादमाच्या वहीत पाच टन सहाशेच हाय, आई. पस्तीस किलो ऱ्हायले.”

मुख्याध्यापिका बाईंनी मुलीला विचारलं, कितवीत आहेस गं?

“सहावीत. पन गावाकडं.”

गाव बीड जिल्ह्यातलं. तिचा मोठा भाऊ गावीच राहिला होता. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, तिथे जेवतो आणि शाळा करतो. मग हिला का आणलं, असं विचारल्यावर आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, “ह्याला कोन संभाळंल? म्या अन् ह्याचा बाप, दोघं मिळून एक कोयता. म्या फडात नाय गेले तर उचल कशी फिटायची, सर? म्हातारी हाय गावाकडं, पन तिलाच दिसंना.” आणि मग लगेच, घाबरून, “तिचं नाव हाय शाळंत. गुरुजी म्हनले, नाव कमी करू नका.”

ते ‘नाव कमी करू नका’ माझ्या कामातलं होतं. ऑफिसात येऊन पोर्टलवर पाहिलं. नाव होतं, कायम शिक्षण क्रमांक होता, आधार जुळलेलं होतं, सगळं बिनचूक. कागदावर ही मुलगी बीड जिल्ह्यात रोज शाळेत जात होती. आम्ही तिला शाळाबाह्य म्हणून नोंदवायला गेलो असतो तर यंत्रणेने आम्हालाच खोटं ठरवलं असतं.

तिच्या गावच्या गुरुजींना फोन लावला. टाळाटाळ ऐकायची तयारी ठेवली होती. गुरुजी सरळ बोलले. “सर, सहावी ते आठवीचा माझा पट एकवीस. त्यातली नऊ लेकरं तुमच्या भागात आणि कर्नाटकात. तुम्ही नाव तिकडं ओढलं आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत ते परत आलं नाही, तर मी विसाच्या काठावर येतो. आणखी एक गेलं की वरच्या वर्गांना शिक्षकच मिळत नाही. मग ती उन्हाळ्यात घरी येईल तेव्हा तिला शाळा कुठली दाखवू?”

पटावरून शाळेला शिक्षकांची पदं ठरवतात ती संचमान्यता. तिच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं एकही पद मंजूर होत नाही. आणि संचमान्यता धरतात ३० सप्टेंबरच्या पटावर. टोळ्या निघतात दसऱ्याच्या आगेमागे, काही दिवाळीनंतर. म्हणजे बीडच्या खेड्यांची मोजणी होते ती गाव भरलेलं असताना, आणि त्याच्या थोड्याच दिवसांत गाव रिकामं होतं. ते मार्च-एप्रिलपर्यंत तसंच राहतं. त्या सगळ्या महिन्यांत आमच्या नदीकाठच्या तालुक्यांत जी लेकरं उसाच्या फडाकडेला बसलेली असतात, ती आमच्या आकड्यात नसतात आणि बीडच्या आकड्यात मात्र पूर्ण असतात. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. २०२२ चं ‘मिशन झीरो ड्रॉपआऊट’ही जुलैतच. जुलैत ऊसतोड कामगार आपापल्या गावी असतो आणि त्याचं लेकरू शाळेत. या मुलांना शोधायचं तर हाच महिना सगळ्यात निरुपयोगी आहे, हे मला तेव्हापासून स्पष्ट बोलावंसं वाटतं.

मोजणीचे दिवस आमच्याकडे पूर्वीही गाजले आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये सलग तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावली, आणि पटावरची सुमारे वीस लाख नावं प्रत्यक्षात सापडली नाहीत. तेव्हा बोगस पटाची फार चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण बोगस नाव वेगळं आणि हंगामापुरतं गावाबाहेर गेलेलं लेकरू वेगळं. त्या मुलीचं नाव शंभर टक्के खरं होतं. ते नाव जिथे होतं तिथे ती नव्हती, एवढंच.

संध्याकाळी शाळेत बसलो. बाईंच्या शाळेचाही पट दरवर्षी खाली येतोय. आमच्या भागात पाचवीपासून मुलं संस्थांच्या हायस्कूलला जातात आणि इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या पहिलीपासूनच गावात फिरतात. एक नाव वाढलं असतं तर त्यांना हवंच होतं. तरी त्याच आधी म्हणाल्या, “नाव तिकडंच राहू दे. पोरगी इकडं बसू दे.” याची तरतूद आहे. शिक्षण हमी कार्ड देऊन मूल हंगामापुरतं दुसऱ्या शाळेत बसू शकतं. मुलीकडे कार्ड नव्हतं. गुरुजींनी ते भरून त्याच रात्री फोटो पाठवला आणि मूळ प्रत टपालाने टाकली. राहिला पोषण आहार. तांदूळ पटावर येतो, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. टोळ्यांतली लेकरं वाढली की बाहेरगावचं नाव आणि इथला तांदूळ यांचा मेळ बसत नाही. बाईंनी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना बोलावलं, त्यांनी गावातून ज्वारी-तांदूळ जमवायचं कबूल केलं. धाकट्या भावाचं काय, हा प्रश्न बाईंनी दुसऱ्या दिवशी कोपीवर जाऊन सोडवला: “त्याला घेऊन ये.” सहावीच्या वर्गात मागे चटई टाकून तो झोपायचा. उठला की अंगणवाडीच्या मदतनीस त्याला उचलून न्यायच्या.

तेव्हापासून राज्याराज्यांच्या पटाचे तक्ते समोर आले की मी आधी दोन गोष्टी बघतो: मोजणी कधीची आणि शाळा चालवतं कोण. दुसरी गोष्टही तेवढीच मोठी आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत ६ ते १४ वयाची सरकारी शाळेत जाणारी मुलं देशभरात २०१८ ला ६५.६ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ ला ७२.९ झाली आणि २०२४ ला परत ६६.८ वर आली. पण पश्चिम बंगालच्या खेड्यांत दहातली नऊ मुलं सरकारी शाळेत, तर मणिपुरात बहुसंख्य खासगीत. दोन्ही एकाच रकान्यात बसवून कोण पुढे, कोण मागे, असं म्हणणं बरोबर नाही. आमच्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्यासारख्या संस्थांनी माध्यमिक शिक्षण खेड्यापाड्यांत नेलं. त्या शाळा अनुदानित. पगार सरकारचा, व्यवस्थापन संस्थेचं. शासनाच्या तक्त्यात त्यांचा वेगळा रकाना असतो, पण ज्या पाहणीत तो नसतो तिथे आमची शेतकऱ्यांची मुलं ‘खासगीत’ जातात. केरळचंही तसंच. गोव्यात आणखी वेगळं. तिथे अनुदान मिळणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांकडे ओढा वाढला आणि सरकारी मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले. मूल शाळेतून गेलं नाही, रकान्यातून गेलं.

ऊसतोडीची लेकरं मात्र कुठल्याच रकान्यात हलत नाहीत, आणि म्हणून त्यांची मला जास्त काळजी वाटते. तालुक्याच्या बैठकीत मी मांडलं की ३० सप्टेंबरसारखीच जानेवारीअखेरची एक हजेरी राज्यभर घ्या, मूल प्रत्यक्ष कुठे बसलंय त्याची, आणि तिच्यावर पदं कापू नका. आहार आणि पुस्तकं तेवढी तिच्या हिशेबाने पाठवा. वरिष्ठांनी टिपून घेतलं. लेखीही दिलं आहे.

मुलगी मार्चपर्यंत आली. सलग नाही. टोळी दोनदा फड बदलून लांब गेली तेव्हा खाडे पडले. गणितात ती वर्गाच्या पुढे होती, इंग्रजीत खूप मागे. बाईंनी शेवटचा महिना फक्त वाचन घेतलं. टोळी परतली तेव्हा हजेरीचा उतारा, प्रगतीचा कागद आणि कार्ड असं तिच्या दप्तरात घालून दिलं. गुरुजींनी ते मिळाल्याचा फोन केला, वार्षिक परीक्षेला बसवलं, आणि ती सातवीत गेली. मुकादमाच्या वहीतले पस्तीस किलो पुढे मिळाले का, ते कळलं नाही.

यंदा गुरुजींनी दसऱ्याआधीच यादी पाठवली: कुठलं मूल, कुठल्या मुकादमाबरोबर, कुठल्या कारखान्याला. कार्डं भरलेली आहेत. चौघं आमच्या तालुक्यात येतील, त्यांच्या शाळा ठरल्या. तिघं बेळगाव जिल्ह्यात जाणार आहेत आणि आपलं कार्ड तिथे चालेल याची खात्री कुणी देत नाही. निपाणी-अथणीकडे कर्नाटक सरकारच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. टोळी कुठे उतरते ते कळलं की जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठायचं, असं मी आणि गुरुजींनी ठरवलं आहे. मुकादमाचा नंबर घेतला आहे. तो अजून उचलत नाही.