हायड्रा बंदरातला साखळ्यांचा गुंता

ऑगस्टमधली सकाळ, ग्रीसचं हायड्रा बंदर. सहा मीटर साखळी वर यायची बाकी असताना विंडलास, म्हणजे साखळी वर ओढणारं विजेचं यंत्र, कण्हत थांबला. पाहुण्याचा अंगठा बटणावरच राहिला आणि भार वाढला की वीज तोडणारा ब्रेकर पडला. तो पुढच्या केबिनमध्ये, गादीखाली. चार्टर, म्हणजे भाड्याची, बोट ताब्यात घेतानाच ही जागा विचारून ठेवावी.

इथे हे रोजचंच. बंदर तळहाताएवढं आणि सगळ्या बोटी पाठ धक्क्याला लावून उभ्या: समोर नांगर, मागे दोन दोर. आदल्या दुपारी दहा मीटर पाण्यात आम्ही चाळीस मीटर साखळी सोडली होती. नंतर आलेल्यांनी आपल्या साखळ्या तिच्यावरून तिरक्या टाकल्या. मागे येताना वाऱ्याने नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वळते, नांगर भलतीकडे पडतो. पण धक्क्यावरची जागा जाईल म्हणून पुन्हा टाकायला कोणी तयार नसतं.

विंडलासला वीज कमी पडू नये म्हणून इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवून, थांबत थांबत नांगर पाण्याबाहेर आणला. त्यावर परक्या दोन साखळ्या. एक सैल होती. नांगर झटक्यात मीटरभर सोडला तशी घसरून गेली. दुसरी ताठ. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलो भरते, तेव्हा तिथे हात घालायचा नाहीच.

दोराचं एक टोक नाळीवरच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, बांधलं, दुसरं बोटहुकने, म्हणजे लांब दांड्याच्या आकड्याने, त्या साखळीखालून घेऊन परत क्लीटवर आणलं. मग आपला नांगर दीड मीटर खाली सोडला. भार दोरावर आला, नांगर मोकळा झाला. इंजिन किंचित मागे, नांगर बाजूला, आणि तो पूर्ण वर घेतल्यावरच दोर सुटा. आधी सोडला तर साखळी पुन्हा त्याच फाळावर बसते. सोडायचं ते साधं टोक. फासा असलेलं कड्यांत अडकतं.

एवढ्यात पिरेअस बंदराची जलद फेरीबोट आली आणि तिच्या लाटेने नाळ शेजाऱ्याकडे ढकलली. फेंडर, म्हणजे टक्कर झेलणारी फुगीर उशी, हातात घेऊन एक जण उभा होता, म्हणून निभावलं.

त्या ताठ साखळीचा मालक कॉफी पीत बसला होता. ओरडून सांगितलं, तुझा नांगर सुटला असेल, साखळी ओढून बघ. त्याने हात हलवला. आम्ही बंदराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा त्याची बोट मागे सरकून तिची उतरायची शिडी धक्क्याच्या दगडावर घासत होती.