घोड्यांच्या वाहतुकीचा धंदा: ट्रक सगळ्यात शेवटी घ्या

अमेरिकेत घोडे वाहून नेण्याचा धंदा सुरू करणारे बरेच जण आधी ट्रक घेऊन मोकळे होतात. मग त्याला जोडायला ट्रेलर शोधतात, आणि लायसन्सचं बघतात सगळ्यात शेवटी. क्रम उलटा हवा. किती घोडे न्यायचे यावरून ट्रेलर ठरतो, ट्रेलरवरून लायसन्स, आणि ते दोन्ही पक्कं झालं की ट्रक.

चार घोड्यांचा गूजनेक, म्हणजे पुढची मान ट्रकच्या हौद्यात अडकवायचा ट्रेलर घेऊ. पुढे राहायची छोटी खोली असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर रिकामा ९,००० पौंड भरतो असं धरा. ११०० पौंडांचे चार घोडे म्हणजे ४,४००. ३० गॅलन पाणी साधारण २५० पौंड, ५० पौंडांच्या सहा गवताच्या गाठी ३००. बेरीज १३,९५०. ट्रेलरच्या पाटीवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे मालासकट कमाल मान्य वजन, १४,००० असेल तर उरले ५० पौंड. खोगिरं अजून चढलेलीच नाहीत, आणि एक वेस्टर्न खोगीरच तीस-पस्तीस पौंडांचं असतं. चार खोगिरं ठेवली की ट्रेलर पाटीच्या वर गेला. ही बेरीज विकत घेण्याआधी कागदावर करायची.

आता नियम. केंद्रीय नियमांत वजनाच्या दोन रेषा महत्त्वाच्या आहेत. पहिली १०,००१ पौंडांची. ट्रक आणि ट्रेलर यांच्या जीव्हीडब्ल्यूआरची बेरीज तिथे पोहोचली आणि धंद्यासाठी राज्याची हद्द ओलांडली, की तुमची गाडी कमर्शियल. १०,००० चा पिकअप आणि ७,००० चा दोन घोड्यांचा ट्रेलर यांची बेरीज १७,००० होते, त्यामुळे ‘माझा ट्रेलर छोटा आहे’ हे कारण इथे चालत नाही. मग यूएसडॉट नंबर (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक), दोन्ही बाजूंना ५० फुटांवरून दिवसा वाचता येईल असं नाव आणि नंबर, ड्रायव्हरचं मेडिकल सर्टिफिकेट, वर्षाची यूसीआर (आंतरराज्य वाहतूकदारांची) नोंदणी आणि ट्रक-ट्रेलर दोन्हींची वार्षिक तपासणी हे सगळं ओघानेच आलं. फेऱ्या एकाच राज्यात असतील तर त्या राज्याचे नियम लागतात, आणि ते सगळीकडे सारखे नाहीत.

दुसरी रेषा २६,००१ ची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. क्लास ए सीडीएल, म्हणजे ट्रक-ट्रेलर जोडीचं कमर्शियल लायसन्स, लागण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: जोडीची बेरीज २६,००१ किंवा जास्त, आणि ट्रेलर एकटा १०,००० च्या वर. १६,५०० चा ट्रक आणि ९,९०० चा ट्रेलर असेल तर बेरीज २६,४०० होते, पण ट्रेलर १०,००० च्या आत आहे म्हणून क्लास ए लागत नाही. मात्र इंधनकराची इफ्टा नोंदणी एकत्रित वजनावर चालते, ती वेगळी तपासा. शिवाय फक्त पाटीवरचा आकडा बघून भागत नाही. काट्यावरचं खरं वजन जास्त भरलं तर तेच धरतात. क्लास ए पहिल्यांदाच काढणाऱ्याला ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत संस्थेतलं प्रशिक्षण सक्तीचं आहे, तेव्हा त्याचा वेळ हिशेबात धरा.

आता ट्रक. जाहिरातीतल्या टो रेटिंगवर (ओढण्याच्या क्षमतेवर) जाऊ नका. ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे ट्रक स्वतःवर किती वजन पेलतो त्याचा स्टिकर वाचा. पाऊण टनी (हे पिकअपच्या वर्गाचं नाव, वजन नव्हे) डिझेल ट्रकचं जीव्हीडब्ल्यूआर बहुधा १०,००० असतं, आणि इंजिन स्वतःच जड असल्यामुळे पेलोड दोन-सव्वादोन हजारांवर अडकतो. गूजनेकचं साधारण २० टक्के वजन हिचवर, म्हणजे जोडणीवर आणि तिथून ट्रकवर येतं. १४,००० चे २० टक्के २,८००. त्यात हिच, दोन माणसं आणि मागच्या सीटवरचं सामान मिळवा. म्हणजे जो ट्रक घेतला की बेरीज २४,००० राहते आणि सीडीएल टळतं, त्या ट्रकला हा भार पेलतच नाही. मागची स्प्रिंग बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटू लागतं.

मधली वाट एकटनी, मागे दोनच चाकांच्या ट्रकची. त्याचं जीव्हीडब्ल्यूआर साडेअकरा हजार असेल तर १४,००० च्या ट्रेलरसह २५,५००, रेषेच्या आत. पण इथेही स्टिकर वाचूनच ठरवा. एकाच मॉडेलमध्ये सनरूफ आणि फोर-व्हील-ड्राइव्हने पेलोड कमी होतो. मागे चार चाकांची ड्युअली १४,००० ची घेतली तर वाऱ्यात स्थिर राहते आणि एक टायर गेला तरी गाडी सहसा हाताबाहेर जात नाही, पण १४,००० च्या ट्रेलरसह बेरीज २८,०००. सीडीएल आलंच. चार घोड्यांची रोजची वाहतूक करायची तर माझं मत सरळ आहे: ड्युअली घ्या आणि सीडीएल काढा. दुसऱ्यांचे जीव मागे बांधून नेताना लायसन्स वाचवायला लहान ट्रक घेणं योग्य नाही. घाटउतारासाठी एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोराने वेग रोखणारा) हवाच. ट्रेलरचे ब्रेक सतत दाबत उतरलं की तापतात आणि पकड सोडतात.

पहिल्या फेरीआधी घोडे भरून ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर जा. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांचं वजन वेगवेगळं मिळतं. मागच्या आसाचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या मर्यादेशी ताडून बघा.

भाडं घेऊन राज्याबाहेर जायचं असेल तर ऑपरेटिंग अथॉरिटीचा, म्हणजे भाड्याने माल नेण्याच्या केंद्रीय परवान्याचा प्रश्न येतो. सामान्य पशुधनाला त्यातून सूट आहे, पण प्रजनन, शर्यती किंवा शोसाठीच मुख्यतः मोल असलेला घोडा त्या सुटीत बसत नाही, आणि गिऱ्हाइकं बहुतेक अशाच घोड्यांची असतात. भाडोत्री वाहतुकीला १०,००१ पौंडांपासून पुढे किमान ७,५०,००० डॉलरचा दायित्व विमा लागतो. त्यात तुमच्या ताब्यातल्या घोड्याची किंमत येत नाही, त्याचा विमा वेगळा घ्या. छंद म्हणून स्वतःचे घोडे नेणाऱ्याला सूट आहे, पण खर्च करविवरणात धंद्याचा म्हणून दाखवला की ती गेली.

ड्रायव्हिंगचे तास: कामाच्या सलग १४ तासांत ड्रायव्हिंग ११ तास, त्याआधी सलग १० तास सुटी. पशुधनाला चढवण्याच्या आणि उतरवण्याच्या ठिकाणापासून १५० एअर-मैलांच्या (सरळ रेषेत मोजलेल्या) परिघात या मर्यादा लागू नाहीत. घोड्यासोबत बारा महिन्यांच्या आतला कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाच्या तपासणीचा) कागद आणि ३० दिवसांच्या आतलं पशुवैद्याचं प्रमाणपत्र बहुतेक राज्यं मागतात. तरी पोहोचायच्या राज्याचा नियम निघण्याआधी फोन करून विचारा.

तपासणीत गाडी जिच्यावर अडकू शकते अशी एक वस्तू म्हणजे ब्रेकअवेची, म्हणजे सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी बॅटरी. ट्रेलर सुटला तर तिने ब्रेक १५ मिनिटं धरून ठेवायचे असतात. महिन्यातून एकदा ट्रेलर ट्रकला जोडलेला असताना, पण वायरचा प्लग काढून, पिन ओढा आणि हळू पुढे जा. चाकं अडली पाहिजेत.

घोडा एकच असेल आणि ट्रेलर घोडे तोंड पुढे करून शेजारी शेजारी उभे करण्याचा असेल तर त्याला डाव्या बाजूला उभा करा. दोन असतील तर जड घोडा डावीकडे, कारण रस्ता उजवीकडे उतरता असतो. दोरी इतकी सैल ठेवा की मान खाली घेता येईल. मान तासन्‌तास वर बांधलेली राहिली तर श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही आणि शिपिंग फीव्हर, म्हणजे फुफ्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. थंडीतही छताच्या खिडक्या उघड्या ठेवा. घोड्याला ब्लँकेट घालून गार ठेवणं परवडतं, मुताच्या अमोनियात कोंडणं नाही.